फाटकातल्या मुख्याध्यापिकाबाई

सकाळी धुकं इतकं दाट की समोरचं दुकान उघडलंय का बंद, तेही कळेना. फाटकवाल्या मामांनी शटर वर ढकललं, काल जोडलेल्या जाळीचे सांधे कानशीनं घासले आणि हात पुसून टेबलाशी बसले. चाळीस वर्षं लोखंडी फाटकं घडवणारा हा माणूस कागदावर रेघ ओढल्याशिवाय गजाला हात लावत नाही.

आता त्या रेघेवर सूनबाईंचा पहारा. तिनं आणलेलं पेन चालायचं साध्या कागदावरच. पण कागदाच्या डोक्यावर चिमट्यासारखं यंत्र लावलं की काढलेली प्रत्येक रेघ कॉम्प्युटरात जाऊन बसायची. तिथं मग हवी ती खोडा, हवी ती लांबवा.

"बाबा, कागद बदलला की यंत्राचं बटण दाबायचं. नाहीतर दोन चित्रं एकावर एक बसतील."

"अगं, गज वाकवणाऱ्याला बटण दाबायला शिकवतेस?"

शाळेच्या फाटकाचं चित्र दुपारच्या आत गेलं नाही, तर काम पलीकडच्या वेल्डरकडं जाणार होतं. एवढं मोठं काम मामांकडं वर्षभरात आलं नव्हतं.

मामांची एक खोड होती. गिऱ्हाईक फोनवर बोलत राहिलं की यांचा हात आपोआप त्याचं तोंड काढायचा. ती तोंडं लगेच भट्टीत जायची, म्हणून आजवर कुणाशी वाकडं आलं नव्हतं. त्या सकाळी फाटक काढून झालं, मामांनी कागद बदलला, तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. बाई मापं सांगत होत्या, मामा "हो, हो" करत होते. अंबाडा झाला, चष्मा झाला, हनुवटी तर झकास जमली. कागद भट्टीत गेला. बटण राहिलं.

सूनबाईंनी कामावर जायच्या गडबडीत चित्र न बघताच शाळेला धाडलं. बघितलं ते नंतर, आणि लगेच फोन केला.

"बाबा, फाटकात शाळेच्या बाई बसल्यात! दोन्ही झडपांत अर्ध्या-अर्ध्या!"

मामांनी फोन ठेवला. वळतात तोच बाई स्वतःच दारात उभ्या. हातात छापलेलं चित्र.

"ही मीच ना?"

"छे हो, नक्षी आहे ती."

"नक्षीला चष्मा लागला?" बाईंनी कागद पुढं धरला. "खरं सांगा, माझी हनुवटी एवढी पुढं आहे?"

मामांनी एकदा कागदाकडं, एकदा बाईंकडं बघितलं. मापात खोटं बोलायची सवय नव्हती. "फार तर दोन सूत कमी करता येईल."

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या.

"हे चित्र मी ठेवणार. पण फाटक बाहेर उघडतंय, पोरांच्या अंगावर येईल. आत उघडेल असं करा, मला त्यातून काढा, आणि सुट्टीची घंटा व्हायच्या आत पाठवा. तरच काम तुमचं."

मामांनी सूनबाईंना फोन लावला. तिनं तिकडून सांगितलं, यांनी इकडं कॉम्प्युटरवर एका बोटानं केलं. आधी चष्मा गेला, मग अंबाडा. हनुवटी पुसताना हात जरा जड झाला. मग नवा कागद घेतला, बटण एकदा सोडून तीनदा दाबलं, फाटक आत कसं उघडेल ते वेगळं काढलं आणि दोन्ही चित्रं धाडली.

उत्तर आलं, "सुरू करा."

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, झाडू उचलला आणि जमिनीवरचा लोखंडाचा कीस गोळा करायला वाकले.