ब्रेकची तार लावलेली जपानी गिटार

प्रल्हाद गेल्याची तार अकोल्याला माझ्या हाती पडली, तोवर अमरावतीत त्याला पोचवूनही झालं होतं. कावीळ झाली आणि पंधरवडाही निघाला नाही. महिना होत आला, पण मला अजून त्या माणसाचा रागच येतो... असं कोणी जातं का?

आम्ही दोघे एकाच ऑर्केस्ट्रात. मी ढोलकी बडवायचो, तो बेस गिटार वाजवायचा. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली, घाट हुबेहूब अमेरिकन, पण माल जपानी. बेसला असतात तशा जाडजूड चारच तारा, साध्या गिटारीसारख्या सहा नाहीत. लग्नात लोक विचारत, बाकीच्या दोन कुठं पाडल्या? ऑर्केस्ट्राचा मालक माइकवर तिला बेधडक अमेरिकेची करून टाकायचा आणि प्रल्हाद मान खाली घालून हसायचा. घरी स्पीकर कुठला? राजापेठेतल्या खोलीत तो गिटारच्या लाकडाला कान लावून रियाज करायचा. उठायचा तेव्हा कान लालभडक.

अकोल्याच्या कार्यक्रमात मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने त्याला ऐकलं. म्हणाला, दिवाळीनंतर वाद्य घेऊन ये, तुला ठेवून घेतो. गडी हवेतच! आणि नेमकी सगळ्यात जाड तार तुटली. अमरावतीत मिळेना, नागपुरात मिळेना, मुंबईला लिहिलं तर उत्तर नाही. शेवटी पठ्ठ्याने सायकलच्या ब्रेकची तार आणली. मी म्हटलं, लेका, हे काही खरं नाही. तर म्हणे, "तार ते तार. तिले काय समजते, सायकल हाय का गिटार?"

पिळत पिळत सुरात आणली. चार दिवस काय खूश होता! मग त्या ताणाने दांडी वाकायला लागली. तारा इतक्या वर उचलल्या की दाबताना बोटं सोलून निघत. तरी गेला मुंबईला. परतला तेव्हा मी बडनेऱ्याच्या स्टेशनावर उभा होतो. एवढंच बोलला, "वाजूच नाई देल्लं रे. पायलं, अन् म्हने गुंडाळा."

मग गिटार खुंटीला गेली आणि तो सरकीच्या दुकानात लागला. दुसरी घेऊ, असं मी म्हणत राहिलो. तोही हो हो म्हणत राहिला.

परवा त्याच्या आईला भेटायला गेलो. गिटार तिथंच. माय ती रोज पुसते आणि पुसून झालं की त्याच्यासारखाच लाकडाला कान लावून तार छेडते. मला म्हणाली, "तुले समजते ना बाबू यातलं? पाय बरं, त्याचं काई वाजून राह्यलं का याच्यात?"

मी कान लावला, ब्रेकची तार छेडली. एक बोदा आवाज आला, कुठल्याच सुरातला नाही. माय तोंडाकडे बघत होती. मी कान तसाच लावून उभा राहिलो.