अठरा पॉइंट आणि एक कडी

माझे भाऊजी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत होते. शहरातल्या कुठल्या गल्लीखालून किती इंची पाइप जातो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. त्या गल्लीत पाणी येतं का, हे मात्र त्यांना कधी ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते कधी विचारलंही नाही. नकाशात पाइप काढतात, पाणी काढत नाहीत, असं ते वर ऐकवायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी घर दुरुस्तीला काढलं. ताईचं म्हणणं एवढंच होतं की लाद्या बदलाव्यात. पण गवंड्याने पहिली भिंत फोडली आणि भाऊजींच्या अंगात आलं. “भिंती पुन्हा उघड्या मिळणार नाहीत. इंटरनेटची वायर आत्ताच सगळीकडे फिरवून घेऊ.” मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, राहायला शेजारच्या गल्लीत, म्हणजे टेपचं दुसरं टोक धरायला हक्काचा माणूस. तीन आठवडे मी ते टोक धरून होतो.

खरी गरज घरात एकीलाच होती, त्यांच्या सुनेला. परक्या भाषेतल्या डॉक्टरांचं बोलणं पेशंटला आणि पेशंटचं डॉक्टरांना, तिथल्या तिथे भाषांतर करून सांगायचं, असं तिचं घरबसल्या काम. तीन महिने उमेदवारी झाली होती. शेवटी दोन तासांची एक चाचणी, ती पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसा. आतापर्यंत ती अडगळीच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर काम करायची, मागे बॅगा आणि पुढे जुन्या पंख्याची पाती. त्या खोलीला दार होतं आणि दाराला कडी होती.

भाऊजींनी तिला समोर बसवून रीतसर विचारलं, “सूनबाई, तुझी गरज सांग.”

“बाबा, वायरचं कनेक्शन आणि बंद होणारं दार. पेशंटचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या कानावर जाता कामा नये. कंपनीची अटच आहे.”

भाऊजींनी मान डोलवली आणि वहीत लिहिलं, “सूनबाई: वेग जास्त.” मी शेजारीच बसलो होतो. वहीतलं मला दिसलं होतं आणि तरी मी गप्प बसलो, याची आज लाज वाटते.

नकाशा तयार झाला तो भिंतभर. अठरा पॉइंट. हॉलमध्ये पाच, स्वयंपाकघरात दोन, मुलाच्या खोलीत तीन, गॅलरीत एक, चपलांच्या कपाटामागे एक.

“चपलांना इंटरनेट कशाला?” मी विचारलं.

“तुझा विचार आजच्यापुरता असतो. मी पंचवीस वर्षांचा करतो.”

उरलेले सहा त्यांच्या स्वतःच्या खोलीत. सगळ्या वायरी एकत्र येणारं लोखंडी कपाटही तिथेच ठेवायचं होतं. त्याला जागा पुरेना, म्हणून अडगळीची भिंत पाडून ती खोली भाऊजींच्या खोलीत घालून टाकली. नकाशात तिचं नाव पडलं ‘कंट्रोल रूम’. वायरलेससाठी छताला बशीसारखे तीन पांढरे डबे. एकही दार बसलेलं नसताना मोबाइल हातात धरून भाऊजी घरभर फिरले आणि म्हणाले, “बघ, कुठेही जा, रेंजच्या काड्या पूर्ण!” दारं आणि कपाटं आल्यावर स्वयंपाकघरात दोनच काड्या उरल्या. मग त्यांनी स्वयंपाकघरात मोबाइल बघणं सोडून दिलं.

सुनेला हॉलच्या कोपऱ्यात काचेचं ‘ऑफिस’ मिळालं. दोन पॉइंट, वर दिवा, तीन बाजूंनी काच, चौथी बाजू उघडी. भाऊजींना त्या काचेचा कोण अभिमान! ती बघत राहिली आणि म्हणाली, “छान आहे.” घर त्यांचं, हौस त्यांची, बिचारी आणखी काय म्हणणार? खोलीत जावं तर नवरा रात्रपाळीचा, दिवसभर तिथे घोरत पडलेला.

चाचणीच्या आदल्या दिवशी तालीम होती. पडद्यावरच्या परीक्षक बाई पाचच मिनिटांत म्हणाल्या, “तुमच्या मागे कोण उभं आहे?” मागे भाऊजी उभे होते. पॉइंटवरचा हिरवा दिवा लुकलुकतो का, ते वाकून बघत होते. ते गेले आणि मोबाइल घेऊन पुन्हा आले, काड्या मोजायला. बाईंनी स्वच्छ सांगितलं, “उद्या बंद दार दिसलं नाही तर चाचणी होणार नाही.”

“काचेला दार लावून घेऊ,” भाऊजी म्हणाले. “सुताराला पुढच्या आठवड्यात बोलावतो.”

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला सुनेने कॉम्प्युटर उचलला, कंट्रोल रूममध्ये नेला आणि भाऊजींच्या टेबलावरच्या नकाशाची नीट गुंडाळी करून ती त्यांच्या हातात दिली.

“बाबा, तुम्ही बाहेर बसा.”

“मी? माझ्या खोलीतून?”

“हो.” आणि आतून कडी लागली. तिच्या तोंडून भाऊजींना एवढं आखूड ‘हो’ मी पहिल्यांदाच ऐकलं आणि खरं सांगतो, मला भारी आनंद झाला.

भाऊजी गुंडाळी मांडीवर घेऊन काचेच्या ऑफिसात बसले. दोन मिनिटांत ताईची हाक, “अहो, बसलाच आहात तर दुधाकडे बघा.” ते बसतात न बसतात तोच बेल. मग रंगारी मापं विचारायला आला. मग ताई, “जरा हा डबा उघडून द्या.” चौथ्या खेपेला भाऊजी तडकले.

“अगं, मी इथे काम करतोय असं समज ना! सूनबाईलाही अशाच हाका मारणार होतीस का?”

“मारणार होते म्हणजे?” ताई कणीक मळता मळता म्हणाली. “आठवडाभर मारतेच आहे. समोर दिसलं माणूस की हाक जातेच. अडगळीत असताना नव्हती दिसत.”

भाऊजींनी गुंडाळी उलगडली. बोट फिरवत त्यांनी एकेक पॉइंट तपासला, चपलांच्या कपाटापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

बारा वाजून गेल्यावर कडी निघाली. तिचा चेहरा बघूनच कळलं, नोकरी पक्की झाली होती. ताईने कणकेच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. भाऊजींनी घसा खाकरला.

“वेग किती मिळाला?”

“वेग नाही बघितला, बाबा. कडी मात्र छान बसते.”

आता भाऊजी दहा ते सहा काचेत बसतात आणि दूध उतू जाऊ देत नाहीत.