आकडा बरोबर होता

बाबूराव खंडाऱ्यांनी आयुष्यभर दोनच गोष्टी मोजल्या. पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथवर लोखंड, आणि सुट्टीच्या दिवशी माणसं. लोखंडात त्यांची सूतभर चूक झाली नाही. माणसांत एकदाच झाली, आणि नेमकी बायकोच्या बाबतीत झाली.

इंदूरजवळच्या राऊमधल्या त्यांच्या कॉलनीतून दर हिवाळ्यात सहलीची बस निघते. कधी महेश्वर, कधी सांची, कधी पातालपानी. तीस वर्षं ही बस बाबूरावांनी काढली. त्यांचे वडील महूला फौजेत होते, त्यामुळे हजेरी ही गोष्ट घरात आईच्या दुधाबरोबरच मिळालेली. गळ्यात स्टीलची शिटी, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय, ओठ हलताहेत. मोजणी पुरी झाल्याशिवाय ड्रायव्हरने गिअरला हात लावायचा नाही.

त्या वर्षी मांडूहून परतीला बस निघाली तेव्हाही मोजणी झाली होती. बेचाळीस. बरोबर बेचाळीस. शिटी वाजली, बस सुटली, मागे अंताक्षरी सुरू झाली. धार आलं तेव्हा शेवटच्या बाकावर तोंडावर पदर घेऊन झोपलेली एक बाई उठून बसली आणि म्हणाली, "धार आ गया क्या, भैयाजी?" तिला कोणीच ओळखेना. ती दुसऱ्याच कोणाच्या बसची होती. आणि बाबूरावांची भीमाबाई जहाजमहालाच्या पायरीवर, मांडूची ती जाडजूड खुरासानी चिंच अर्धा किलो मांडीवर घेऊन, बसची वाट पाहत होती.

बस परत नेली. भीमाबाई चढल्या तेव्हा बाबूराव एवढंच म्हणाले, "पण आकडा बरोबर होता."

ते वाक्य त्यांनी गिळलं असतं तर पुढली बावीस वर्षं सुखात गेली असती. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, चार बायका जमल्या की भीमाबाई मांडूची गोष्ट काढत, आणि शेवटी नवऱ्याकडे बोट करून म्हणत, "विचारा यांना. आकडा बरोबर होता!" बाबूराव अशा वेळी पाणी प्यायला आत जात.

आता मुलगा स्वप्निल टोरांटोला नोकरीला. त्याने आणि सूनबाई प्रीतीने दोघांना तिकडे बोलावलं आणि थंडीचा कडाका बघून तिथून पाच दिवस सेंट लुसिया नावाच्या बेटावर नेलं. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. भीमाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आपल्याकडे या उन्हात पापड घालतात. इथे माणसंच घातलीत." बाबूरावांना मात्र समुद्राकाठी काही काम सापडेना. दुसऱ्या दिवशी ते सापडलं. हॉटेलच्या जेवणाच्या टेबलाभोवती गर्दी झाली होती. त्यांनी हात आडवा धरून तिची दोन रांगांत विभागणी केली, आणि एका जर्मन गृहस्थाला प्रेमाने धरून रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं.

"बाबा, तुम्ही इथे गेस्ट आहात," स्वप्निल म्हणाला. "मॅनेजर विचारत होता, हे स्टाफमध्ये आहेत का म्हणून."

"मग? व्यवस्था झाली की नाही?"

तिसऱ्या दिवशी स्वप्निल आणि प्रीती बोटीने मासे बघायला जाणार होती. म्हाताऱ्यांसाठी त्यांनी दिवसभराची सहल ठरवली: छोटी बस, सोबत गाइड, बेटावरचं सगळं दाखवून संध्याकाळी परत. सकाळी चहाच्या वेळी भीमाबाईंनी नवऱ्याच्या शर्टाचा खिसा चाचपला आणि शिटी बाहेर काढली.

"हे काय?"

"राहू दे ना. इमर्जन्सीला."

"कोणाच्या? ती बस तुमची नाही, गाइड तुमचा नाही. एक दिवस, फक्त एक दिवस, चुपचाप बसून दाखवा बघू."

"मी काय बोलतो? मी बोलतो का कधी?"

"लावा शर्त." भीमाबाईंनी शिटी आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. "आज संध्याकाळपर्यंत लोकांच्या कारभारात लुडबुड केली नाहीत, तर मांडूची गोष्ट मी जन्मात परत काढणार नाही."

बाबूरावांच्या हातातला कप हवेतच थांबला. "जन्मात?"

"जन्मात. आणि केलीत, तर ही शिटी भूषणच्या हातात. यंदाची बस तो काढेल."

भूषण म्हणजे कॉलनीतला तिशीचा उत्साही तरुण. त्याचं म्हणणं, शिटीबिटी काय कामाची भिया, मोबाइलवर ग्रुप बनवा, सगळे आपापली हजेरी टाकतील. बाबूरावांना हा विचारच सहन होत नसे. एकीकडे बावीस वर्षांचा छळ संपणार, दुसरीकडे तीस वर्षांची गादी जाणार. त्यांनी कप खाली ठेवला.

"मंजूर," ते म्हणाले.

बस पांढरी होती, माणसं सोळा. गाइडचं नाव क्लेमेंट. उंच, हसरा, आणि गाडीही तोच चालवायचा. त्याने पेनच्या टोकाने एकेक डोकं दाखवत मोजलं आणि बस सोडली. पहिल्याच सीटवर बसलेल्या बाबूरावांच्या कपाळावर आठी पडली.

"डोकी मोजतोय," ते पुटपुटले.

"मोजू दे."

मांडूनंतर बाबूराव डोकी मोजत नसत. डोक्यावर पदर येतो, टोपी येते, मफलर येतो, डोकं फसवतं. माणूस झोपला तरी पाय बाहेरच असतात. म्हणून ते पादत्राणं मोजत, आणि कोणाचं कुठलं हेही ध्यानात ठेवत. कॉलनीतल्या सगळ्यांच्या चपला ते अंधारातही ओळखतील. आताही त्यांचा उजवा अंगठा पेरांवरून फिरू लागला. भीमाबाईंनी शांतपणे त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

मागच्या सीटवर एक किडकिडीत गोरी आजीबाई एकटीच बसली होती. निळे कापडी बूट, पांढऱ्या लेस. तिने ते हातात घेतलेले हात बघितले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हाऊ लव्हली!" मग दोघांचा फोटोच काढला. तिचं नाव एडना. बाबूरावांनी फोटोसाठी हसून दिलं आणि मोजणी डाव्या हाताने पुढे चालू केली.

क्लेमेंट चालवता चालवता माहिती सांगत होता. समुद्रातून सरळ वर आलेले दोन टोकदार डोंगर दाखवले. कोळ्यांच्या गावात थांबून, चुलीवर भाजलेली कसाव्याची भाकरी सगळ्यांना खायला दिली. भीमाबाईंनी तुकडा चघळला, डोळे बारीक केले.

"अहो, ही तर आपल्या साबुदाण्याची बहीण. त्याच कंदाची आहे. शेंगदाण्याचा कूट असता ना, बिल्कुल मजा आली असती."

एडनाला त्यांनी पर्समधली इंदुरी शेव दिली. एडनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने आणखी मागितली. दोघींचं भाषेवाचून छान चाललं होतं.

बाबूरावांची मात्र परीक्षा सुरू होती. एका वळणावर क्लेमेंट म्हणाला, पंधरा मिनिटं थांबू, आणि तेवीस मिनिटं थांबला. बाबूरावांनी घड्याळ बघितलं, तोंड दाबून बसले. एक जोडपं आइसक्रीम घेऊन बसमध्ये चढलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. बसच्या डाव्या बाजूला सावली असताना सगळे उजवीकडे उन्हात उभे राहिले. त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला.

"काही म्हणालात?" भीमाबाईंनी विचारलं.

"खोकला."

दुपारी गंधकाच्या झऱ्यांपाशी बस पोचली. डोंगराच्या पोटातून वाफा निघत होत्या, सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता, आणि लोक हसत हसत अंगाला गरम राखाडी चिखल फासत होते. म्हणे कातडी तरुण होते. बाबूरावांनी नाकाला रुमाल लावला. भीमाबाईंनी दोन्ही कोपरांना आणि चेहऱ्याला चिखल लावून घेतला, एडनाने नखशिखांत. अर्ध्या तासात तिथे बाई कोण, पुरुष कोण, गोरा कोण, काळा कोण, काहीच कळेनासं झालं. धुवायच्या टाक्यांपाशी फार गर्दी होती. क्लेमेंट म्हणाला, इथे नको, दहा मिनिटांवर धबधबा आहे, तिथे अंघोळ करा. सीटवर प्लास्टिक घातलं. राखाडी माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून एकेक करून चढली. क्लेमेंटने पेन फिरवलं.

"सिक्स्टीन!" तो म्हणाला आणि बस हलली.

बाबूरावांनी सवयीने वळून सीटांखाली पाहिलं. अंगठा पहिल्या पेरावरून निघाला, सोळाव्यावर पोचला, थांबला. परत पहिल्यावर आला. पुन्हा सोळावर गेला. तिसऱ्यांदा तो सुरू झाला तेव्हा भीमाबाईंनी मान वळवली. चाळीस वर्षं त्या हा अंगठा बघत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग घाम का फुटलाय?"

"मी बोलायचं नाही असं ठरलंय."

"मला सांगायला काय हरकत? किती भरले?"

"सोळा."

"मग झालं तर."

बाबूरावांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा पडला होता. "हो," ते हळूच म्हणाले, "आकडा बरोबर आहे."

भीमाबाईंच्या चेहऱ्यावर वाळलेल्या चिखलाला एक भेग गेली. त्या गर्रकन मागे वळल्या. मागच्या सीटवर डोक्याला टॉवेल गुंडाळलेलं कोणीतरी कानात वायर घालून बसलं होतं. पायात लाल प्लास्टिकच्या सँडल होत्या.

बाबूराव सीटची दांडी धरून अर्धे उठले होते. गेली शर्त, गेली शिटी, गेली गादी, काढू दे भूषणला बस, असं मनात म्हणून त्यांनी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात त्यांच्या कानाशी अशी कर्कश शिटी वाजली की क्लेमेंटचा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि सोळाही जण पुढे कलंडले.

भीमाबाई उभ्या होत्या. साडीचा पदर खोचलेला, तोंड राखाडी, तोंडात शिटी.

"रुको भिया!" त्या म्हणाल्या. "एक आदमी कम है!"

क्लेमेंट घाबरून वळला. "मॅडम? आर यू सिक?"

भीमाबाईंनी एक बोट वर केलं, मग मागच्या रस्त्याकडे दाखवलं. क्लेमेंटने पुन्हा पेन फिरवलं. पुन्हा सोळा. त्याने नम्रपणे सोळा आकडा बोटांनी करून दाखवला.

"अहो, बोला ना!" भीमाबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "मला इंग्रजी कुठे येतं?"

"पण शर्त?"

"शर्त माझी आहे, मी सांगतेय ना! बोला!"

सकाळपासून तुंबलेले बाबूराव सुटले. "सर," ते म्हणाले, "ब्लू शूज नॉट केम. रेड शूज एक्स्ट्रा. यू काउंट हेड. हेड इज फ्रॉड. आल्वेज काउंट फूट!"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. लाल सँडलवालीने कानातली वायर काढली, चौफेर पाहिलं आणि विचारलं, ही बस कुठल्या हॉटेलची?

"धार आ गया क्या," बाबूराव स्वतःशीच म्हणाले.

बस वळली. झऱ्यांच्या फाटकाबाहेर, तशाच एका पांढऱ्या बसपाशी कोणीतरी हाका मारत आपलं माणूस शोधत होतं. लाल सँडलवाली धावत तिकडे गेली. आणि जरा बाजूला, दगडी कठड्यावर, एडना बसली होती. नखशिखांत राखाडी, निळे बूट जुळवलेले, पाठ ताठ, नजर समोरच्या डोंगरावर. जणू देखावा बघायलाच मुद्दाम थांबली आहे. चष्मा विसरला म्हणून ती परत गेली होती.

भीमाबाईंना ते बसणं ओळखीचं होतं. पायरीवर असंच बसावं लागतं. आपण मागे राहिलोय हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये म्हणून.

त्या खाली उतरल्या, एडनाचा चिखलाचा हात आपल्या चिखलाच्या हातात घेतला आणि तिला आणून आपल्या शेजारी बसवलं. बाबूरावांची मागच्या सीटवर रवानगी झाली. क्लेमेंटने वळून त्यांच्याशी हात मिळवला, दोन्ही हातांनी. मग बस सोडण्याआधी तो वाकून एकेका सीटखाली पाहत शेवटपर्यंत जाऊन आला.

धबधबा येईपर्यंत पुढून भीमाबाईंचा आवाज येत होता. बाबूरावांनी कान दिला आणि दचकले. "तो मैं वहाँ सीढ़ी पर बैठी, ये इमली लेकर... और ये जनाब बस लेके रवाना!"

"अगं!" ते पुढे वाकून म्हणाले. "जन्मात काढणार नव्हतीस ना?"

"तिला कुठे काय कळतंय?"

एडनाला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. पण बरोबर शेवटच्या वाक्याला ती मागे वळली, बाबूरावांकडे बघितलं, आणि चिखलाचे तुकडे पडेपर्यंत हसली.

शर्त कोण जिंकलं याचा निकाल राऊला परतल्यावरही लागला नाही. शिटी भीमाबाईंनी वाजवली, म्हणजे बाबूराव हरले नाहीत. पण बोलले तेच, म्हणजे जिंकलेही नाहीत. भीमाबाईंनी मात्र शब्द पाळला. पंधरा दिवसांनी महेश्वरच्या सहलीची बैठक त्यांच्याच घरी झाली. बाबूरावांनी रंगात येऊन बेटाची हकिगत सांगितली. लाल सँडल, निळे बूट, शिटी. लोक हसून हसून लोळले.

मग भूषणने विचारलं, "पर काका, हे पाय मोजायचं तुम्हाला सुचलं कसं?"

सगळ्यांनी भीमाबाईंकडे पाहिलं. त्या लसूण सोलत होत्या. एक पाकळी सोलली, दुसरी घेतली, वर बघितलंच नाही. नव्या माणसांना गोष्ट माहीत नव्हती, जुन्यांना ती ऐकायची होती. बाबूरावांनी पाण्याच्या माठाकडे पाहिलं. पण मध्ये वीस माणसं बसली होती.

"त्याचं असं झालं," ते घसा साफ करून म्हणाले, "आम्ही एकदा मांडूला गेलो होतो. तिथे ही... म्हणजे थोडा वेळ... तासभर मागे राहिली."

"सव्वादोन तास," भीमाबाई लसणाकडे बघत म्हणाल्या.