नळीवाल्या सिस्टर आणि चुकलेली फुली

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. गरोदर बायकांच्या तपासणी खोलीत नळीवाल्या सिस्टर पलंगावरची रबरी चादर पुसत होत्या. बाहेर बाकांवर एकवीस बायका आणि आत भिंतीला टेकून सहा मुली, नुकत्याच बारावीची परीक्षा दिलेल्या. हॉस्पिटलच्या उन्हाळी शिबिराचा तो नववा दिवस.

सिस्टरांचं नाव त्यांच्या खिशातल्या वस्तूवरून पडलं. वीतभर लाकडी नळी, एक तोंड कर्ण्यासारखं पसरट. ते पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि हात सोडून द्यायचा. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. त्याच कामाचं यंत्र भिंतीवर आहे, आकडाही दाखवतं. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरांची यंत्राबद्दल तक्रार एकच: ते हातात आलं की नर्स बाया पोट चाचपायचं सोडून देतात.

हॉस्पिटलच्याच नर्सिंग शाळेतल्या तीसपैकी अकरा जागा एका वर्षी रिकाम्या राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात मुलींना हे काम दाखवायला सिस्टरांनी शिबिर सुरू केलं. पहिल्या खेपेला चारच मुली आल्या. त्यातल्या दोघी आज वरच्या मजल्यावर नोकरीला आहेत.

यंदाच्या सहांपैकी एकीला बाकीच्या ‘धप्प’ म्हणत. पहिल्या दिवशी रक्ताची बाटली पाहून ती कोसळली, तेव्हाचा तो आवाज. तिला नर्सच व्हायचं होतं. नर्सिंग शाळेच्या अर्जाची मुदत उद्याच संपत होती आणि पालकानं स्वतः शाळेच्या खिडकीवर येऊन सही करायची होती. तिचे वडील याच हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवतात. त्यांचं उत्तर तयार होतं. “अठरा वर्षं बघतोय मी या नर्स बायकांचे सुजलेले पाय. आणि हिला तर रक्तच बघवत नाही. घोडं इथंच पेंड खातंय.”

पहिली बाई आत आली. शिवणकाम करणारी, आठवा महिना, तिसरं बाळंतपण. आडवी होता होता म्हणाली, “ऐका गं पोरींनो, पण गुदगुल्या नकोत. हसले तर इथंच उरकेल सगळं.”

सिस्टरांनी कार्डावरची पंधरा दिवसांपूर्वीची नोंद पाहिली आणि बेंबीखाली उजवीकडे पेनानं फुली मारली. नियम मुलींना पाठ होता. नळी फुलीवर, बोटं आईच्या मनगटावर, पूर्ण एक मिनिट मोजायचं. आकडा चिठ्ठीवर लिहायचा, बोलायचं नाही.

पाच चिठ्ठ्यांवर १३८ ते १४४ मधले आकडे होते. सहावीवर दोन ओळी: ‘८४. आईच्या मनगटावर पण ८४. बाळ ऐकू आलं नाही.’

“धप्प येतेय म्हटल्यावर बाळ लपलं असेल,” एक जण पुटपुटली. बाकीच्या हसल्या.

धप्पचे कान लाल झाले. “सिस्टर, वाऱ्यासारखा आवाज येतोय. पण तो आईच्या नाडीबरोबरच चालतोय.”

सिस्टर वाकल्या. मिनिटभर फक्त पंखा ऐकू येत होता. मग त्या सरळ झाल्या.

“ही बरोबर आहे. इथं आईच्याच रक्ताची सळसळ आहे. बाळ नाही.”

हसू विरलं. बाईनं मान उचलली. “नाही म्हणजे?”

“या जागी नाही. पडून राहा, शोधते.”

सिस्टरांनी तळवे एकमेकांवर घासून ऊब आणली आणि पोटावर ठेवले. आधी खाली, मग बाजूंना, शेवटी फासळ्यांच्या जवळ. तिथं त्या थांबल्या. धप्पचा हात धरून त्याच जागी ठेवला. आत काहीतरी घट्ट आणि गोल होतं, हलकं ढकललं की हलायचं आणि परत जागेवर यायचं.

“काय आहे?”

“डोकं,” धप्प म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की पलंगावरच्या बाईलाच तो नीट ऐकू गेला असावा.

बाळ त्या पंधरा दिवसांत उलटं फिरलं होतं. नळी बेंबीच्या वर डावीकडे गेली. सिस्टरांनी मोजलं, मग धप्पला वाकायला सांगितलं. तिनं कान लावला आणि हात सोडले. ठोके भराभर, एकाला एक लागून, मनगटावरच्या संथ नाडीला मागे टाकत चाललेले. मिनिट संपलं तरी ती उठेना. बाकीच्या पाच जणी न सांगता पलंगाभोवती जमल्या होत्या.

“किती?”

“एकशे छत्तीस. सिस्टर, आई एका चालीनं चाललीय आणि ते पळतंय.”

“डोकं वर आहे, एवढंच,” सिस्टर बाईला म्हणाल्या. “अजून वेळ आहे, बरीच बाळं आपणहून फिरतात. आज डॉक्टरीणबाईंना दाखवू. पंधरा दिवसांनी नाही, पुढच्याच आठवड्यात या.”

मग त्या पाच जणींकडे वळल्या. “पुस्तकात एकशे चाळीस लिहिलंय, तोच आकडा तुम्हाला ऐकू आला. पण पहिली चूक माझी. मी कार्ड बघून फुली मारली, पोट बघून नाही.” कार्डावर त्यांनी तेच लिहिलं, वेळ घातली आणि खाली सही केली. पाचही जणींनी आपापल्या चिठ्ठ्या फाडल्या.

नऊच्या सुमाराला धप्पचे वडील एका बाईला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आले. दारातूनच विचारलं, “सिस्टर, आज पडली का?”

“नाही. आज तिनंच मला पाडलं.”

“म्हणजे?”

“भाऊ, रक्त बघायची सवय सहा महिन्यांत होते. मीही पडायचे. पण सगळ्या एकशे चाळीस म्हणत असताना चौऱ्याऐंशी लिहायचं, ते मला तेहेतीस वर्षांत कुणाला शिकवता आलं नाही.” मग काय घडलं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं.

वडिलांनी खुर्चीचा ब्रेक लावला आणि आत पाहिलं. आत त्यांची मुलगी पुढच्या बाईच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटून उभी होती. तिला ते दिसले नाहीत.

“पाय सुजतील तिचे,” ते म्हणाले.

“सुजतील.”

दुपारी चालकांच्या खोलीतल्या फळ्यावर उद्याच्या नऊ ते बाराच्या पाळीपुढे धप्पच्या वडिलांचा गाडी क्रमांक पुसून दुसऱ्याचा लिहिलेला होता. अर्जाची खिडकी उद्या साडेनऊला उघडते.