न उकळणारं पातेलं

सुभेदारीणकाकीचं पितळी पातेलं उकळलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या साताऱ्याकडच्या गावात मटणाचा दिवस म्हणजे चुलीवर रटरटणारा रस्सा, बोळभर ठसका आणि घराघरांत बायकांची आरडाओरड. काकीच्या घरात त्या दिवशी सगळं शांत. चुलीच्या बाजूच्या लहान वैलावर पातेलं बसलेलं असे. खाली गोवरीचा मूठभर विस्तव, झाकणावर थोडे निखारे आणि झाकणाच्या कडेनं कणकेचा वळसा चिकटवलेला. आत खिम्याचे गोळे. सकाळी एकदा ठेवले की मग ती तिकडं फिरकायचीही नाही. आमची आई म्हणायची, ही बया स्वयंपाक करते का अंड्यांवर कोंबडी बसवते?

तिचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा पलटणीत साधा नाईक होता तेव्हाच गावानं तिला सुभेदारीण करून टाकलं, पुढं पलटणीलाच गावाचं ऐकावं लागलं. आमचं घर तिच्या समोर. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून बोळातली सगळी पोरं तिची. तोंडानं मात्र फटकळ. गोड बोलणं तिला जन्मात जमलं नाही. जवळ घ्यायचं झालं तरी "किती मळलीयास गं, इकडं मर" असं म्हणूनच घ्यायची, आणि मग पदरानं तोंड असं खसाखसा पुसायची की नाक हातात यावं.

आमच्या जत्रेचा पहिला दिवस गोडा, पुरणपोळीचा, आणि दुसरा खारा, मटणाचा. पलटणीतली माणसं जत्रा धरूनच रजा टाकत. पण रजा मिळाली तरी माणूस दारात कधी उभा राहील याचा नेम नसे. गाडी स्टेशनात कधी लागेल हे रेल्वेलाही ठाऊक नसायचं, आणि तिथून पुढं एसटी. रस्सा करून ठेवावा तर आटतो, परत परत तापवावा तर फोडींच्या चिंध्या होतात. गोळ्याचं तसं नाही. मंद विस्तवावर तो दुपारी चांगला लागतो आणि दिवेलागणीला त्याहून चांगला. "येनाऱ्याला उशीर व्हायाचाच," काकी म्हणायची, "चुलीनं आपला दम धरावा."

आणि तिचा एक कायदा होता. कणीक फोडून झाकण काढायचं ते बाहेरून आलेल्या माणसानं. घरातल्यानं हात लावायचा नाही. सुभेदारकाका आले तर काकांनी, नाही आले तर बोळात जो कुणी रजेवर आला असेल त्यानं, तोही नसेल तर माहेराला आलेल्या लेकीनं. मी सांगलीला मामाकडं शिकायला गेल्यापासून माझाही नंबर लागायला लागला. विश्रामबागेत मामाकडं मला काही कमी नव्हतं; पण जत्रेला आल्यावर उलथन्याच्या टोकानं ती वाळलेली कणीक फोडायची, झाकण उचलायचं आणि आतली पहिली वाफ तोंडावर घ्यायची, त्याला तोड नव्हती. कुणीतरी सकाळपासून आपल्यासाठी विस्तव राखून बसलंय, हे त्या वाफेत कळायचं. आता माझ्या मुलानं मला विजेचं पातेलं आणून दिलंय. बटण दाबा आणि खुशाल बाहेर जा, दिवसभर मंद शिजतं. झाकण काचेचं, सगळं बाहेरूनच दिसतं. गोळे त्यात होतात, आणि सणाला नातवंडं ते आवडीनं खातात. मी मात्र त्या काचेकडं बघत नुसती बसून राहते.

काकीला हे गोळे दिले अंबाल्यानं. लग्नानंतर एकदाच काकांना तिथं फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. शेजारच्या पंजाबी बाईनं तिला कोफ्ते शिकवले. काकीनं त्यात आपली कांदा-लसणाची चटणी आणि फुटाण्याच्या डाळीचं पीठ घातलं आणि कोफ्त्यांचे गोळे झाले. दोन हिवाळे ती तिथं राहिली. मग गावाकडं सासू अंथरुणाला खिळली आणि सून परत आली, ती कायमची. पाट्यावर खिमा वाटायला बसली की अंबाला निघायचाच. तिथली हाडं गोठवणारी थंडी, शेजारणीचं मोठ्यानं हसणं, आणि शेवटी ठरलेलं वाक्य. "रोज सांच्याला दारात बूट वाजायचं गं. रोज." आमच्या बोळातल्या बाकीच्या बायकांना नवरा रोज घरी येतो याचं काय कौतुक? उलट कटकटच. काकी मात्र ते 'रोज' म्हणताना वरवंटा थांबवायची.

शेवटी काका पेन्शनीवर आले. काकीनं घर सारवलं, बोळात साखर वाटली. तिला वाटलं असणार, आता अंबाला घरीच आला. पण आलं ते मनगटावरचं घड्याळ. बारा म्हणजे बारा, ताट पुढ्यात पाहिजे. ते घड्याळ अंघोळीपुरतंच उतरायचं, आणि तोंडातली तंबाखू जेवणापुरती. तंबाखूनं काकांच्या जिभेला खारट-अळणी सगळं एकच झालं होतं, त्यामुळं चवीची तक्रार कधी नाही. तक्रार फक्त वेळेची.

त्या वर्षीच्या खाऱ्या दिवशी काकी नैवेद्य घेऊन देवळाकडं गेली आणि इकडं बारा वाजले. काकांनी वैलात दोन लाकडं सारली, फुंकणी घेतली आणि जाळ केला. मग स्वतःच कणीक फोडली. काकी परत आली तेव्हा मी दारातच होते. आतले गोळे सगळे फुटून पातेल्यात नुसता चिखल झाला होता. मला वाटलं, आता ही बाई घर डोक्यावर घेणार. तिनं ताट घेतलं. खिमा म्हणून वाढला, काकांनी तो खाल्ला आणि वर ढेकर दिला. मला त्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू! पुढच्या जत्रेला पितळी पातेलं फळीवर पालथं होतं आणि काकीच्या चुलीवर चार घरांसारखाच रस्सा रटरटत होता. आईनं विचारलं तर म्हणाली, "आता कुनाची वाट बगायची?" जन्मभर ज्याची वाट पाहिली तो माणूस घरात होता, आणि बोळात तिच्याइतकं एकटं कुणी नव्हतं.

मग तिच्या पोटाचं दुखणं निघालं. सांगलीला मामांच्या ओळखीचे डॉक्टर होते, त्यांनी ऑपरेशन करायचं ठरवलं. काका तिच्या उशाशी बसून असायचे. मी कॉलेज सुटल्यावर डबा घेऊन जायची. एकदा काकांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून विचारलं, खिमा बारीक किती करतात आणि पीठ किती घालतात. मला वाटलं, बसून बसून कंटाळलेत. ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं.

घरी सोडायचा दिवस नेमका जत्रेचा खारा दिवस आला. नैवेद्य चुकवता येत नाही म्हणून काका आदल्या दिवशीच गावी गेले आणि काकीला घेऊन यायचं माझ्याकडं आलं. दुपारपर्यंत घरी पोचू असं ठरलं होतं. पण डॉक्टरच उशिरा आले, कऱ्हाडला गाडी बदलायची तर जत्रेची ही गर्दी, आणि आम्ही बोळात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. काकी वाटेत एकदाच बोलली. "जेवून झोपलं आसतील."

काका चुलीपुढं पाटावर बसले होते. घड्याळ खुंटीला टांगलेलं, फुंकणी पार दाराबाहेर ठेवलेली. वैलावर पितळी पातेलं, झाकणाला कणीक अशी जाड थापलेली की भिंतीला गिलावा करावा. काकी उंबऱ्यातच थांबली.

"कवा ठिवलंय?"

"सकाळच्या पारी."

"आन् तुमी जेवला न्हाई?"

"तू कुटं आलीवतीस?" काकांनी उलथनं तिच्यापुढं धरलं. "फोड. आल्याल्या मानसानंच फोडायचं आसतंय न्हवं?"

मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. एवढ्या जत्रा गेल्या, एवढी माणसं आली, पण काकीनं स्वतः ती कणीक एकदाही फोडली नव्हती. ती नेहमी घरातलीच होती. तिची वाट बघायला कोण बसणार? तिनं उलथनं घेतलं आणि नुसतीच बसून राहिली. डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. मग फोडलं. गोळे लहानमोठे, वाकडेतिकडे, पण एकूण एक अख्खे.

मी पहिला घास घेतला आणि थांबले. मीठ नव्हतं. काका मीठ घालायचेच विसरले होते, आणि त्यांच्या जिभेला ते कळायची सोय नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकीनं पदराखालून माझा गुडघा गच्च दाबला.

"कसं झाल्यात?" काकांनी विचारलं.

"अंबाल्यासारखं," काकी म्हणाली आणि दुसरा गोळा घेतला.

पुढची जत्रा तिला दिसली नाही. दुखणं उलटलं आणि थंडीच्या दिवसांत ती गेली. त्या जत्रेला मला गावी जाववत नव्हतं, तरी गेले. बोळात शिरताना काकीच्या दाराकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण काकांनीच हाक मारली. ते चुलीपुढं पाटावर बसले होते. घड्याळ खुंटीला. वैलावर पातेलं, आणि त्याला तसाच कणकेचा गिलावा.

"फोड पोरी," ते म्हणाले. "दुसरं कोन येनार हाय आता?"

मी फोडलं. वाफ तोंडावर आली आणि मला रडू आवरेना. काकांनी ताटलीत दोन गोळे घातले आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी घास घेतला. मीठ नव्हतं.

"कसं झाल्यात?"

मी म्हटलं, "अंबाल्यासारखं, काका."