नववा गल आणि देवाचा मेंढा

चारठाण्याची देवळं बघायला निघालेले लोक वाटेतल्या माळावर थांबतात, ते भिवराबाईमुळं. मेंढरं मागं चरत असतात आणि ती हातात काठ्या घेऊन रस्त्याकडेला उभी असते.

"खेळून जा की. जुनं गोल्फ हाय. सायबाच्या वक्ताचं."

गोल्फ म्हणजे नऊ गल. पोरं गोट्यांसाठी खणतात तसलेच खड्डे, जरा रुंद. भोवती वाळू दाबून बसवलेली. बाकी गवत मेंढरं खुरटं ठेवतात. निजामाच्या राज्यात इथं कोणी साहेब होता. त्यानं हे करून घेतलं. भिवराबाईच्या सासऱ्यानं त्याची काठ्यांची पिशवी वाहिली. राज्य गेलं, साहेब गेला, काठ्या मागं राहिल्या. एवढं खरं. पुढचा इतिहास समोरच्याचं तोंड बघून ठरतो. पुण्याचे पाहुणे आले की साहेब गोरा होतो, हैदराबादचे आले की नवाब. एकदा नांदेडच्या डॉक्टरीणबाई आल्या, तर त्याला दमा जडला.

शेजारचा आदिनाथ मराठीत एम.ए. झालेला. त्यानं इतिहासाचा फलक लिहायला घेतला.

"मावशी, सायबाचं नाव काय लिहू?"

"जागा सोड. येईल त्याला इचारून भरू."

आदिनाथनं जागा सोडली. वर्गात हे कोणी शिकवलं नव्हतं.

माळ गावाचा. यंदा सरपंच बन्सीधररावांच्या मनात आलं, तो सौर कंपनीला द्यावा. माळ गेला असता तर भिवराबाईला कळप विकावा लागला असता. चारायला दुसरं रान नव्हतं.

"खड्ड्याला गोल्फ म्हणतेत व्हय?" सरपंच पारावर सगळ्यांदेखत बोलले. "पोरखेळ हाय."

"मग खेळून दावा," भिवराबाई म्हणाली. "नऊच्या नऊ गलांत चेंडू घाला. मी सोता मेंढरं घेऊन निघते. पर तवर ठराव न्हाई."

"उद्या सकाळीच ये. दिला शबूद!"

आदिनाथनं तिला बाजूला ओढलं. "मावशी, काय केलंस हे? विटीदांडूत गावात त्यांच्यासारखा टोल कोणाचा नव्हता!"

"ठाव हाय. म्हनून तर फुगले."

सकाळी अर्धं गाव माळावर. सरपंचांनी धोतर खोचलं आणि एकेक गल घेत सुटले. आठवा झाला तेव्हा आदिनाथनं डोळे मिटून घेतले. उघडले तर सगळ्यांच्या माना एकीकडं वळलेल्या.

नवव्या गलावर मेंढा बसला होता. साधा नव्हे, बिरोबाला सोडलेला. त्याला कोणी कातरत नाही, बांधत नाही, हाकलत नाही. तो मान खाली घालून गल चाटत होता.

"हाकल गं याला."

"मी? देवाचा हाय तो. तुमी सरपंच हाव, तुमीच हाकला."

सरपंचांनी लोकांकडं पाहिलं. लोकांनी आभाळाकडं.

"उठंल की," गर्दीतला म्हातारा येडबा म्हणाला. "घाई कशाची करायलाव?"

सरपंच दगडावर टेकले. ऊन चढलं. मेंढ्यानं कूस बदलली. शेवटी सरपंच चेंडूच्या जागी खूण करून जेवायला गेले. मेंढा पाण्यावर गेल्यावर आदिनाथनं गलात हात घातला. तळाशी मीठ होतं. ओलं, चाटून गुळगुळीत.

"मावशी!"

"काय मावशी? मेंढराला मीठ लागतंयच. कुठं ठिवायचं, ते माज्या मनावर."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मेंढा उठेपर्यंत काय करायचं, म्हणून सरपंच बाकीचे गल पुन्हा खेळू लागले. मग पाथरीच्या व्याह्यांना घेऊन आले. मग जिंतूरच्या सुताराकडून स्वतःची काठी करून आणली. ग्रामसभेत कोणी ठरावाचं विचारलं की ते खेकसत, "डाव चालू हाय न्हवं!"

पावसाळ्याआधी कंपनीनं कंटाळून दुसरीकडं जमीन घेतली. भिवराबाईनं त्या दिवशी नववा गल धुऊन काढला.

दुसऱ्या सकाळी सरपंच हजर. नववा गल मोकळा. ते चपापले. हा गल झाला की डाव संपला. वाकले, नेम धरला, मारलं. चेंडू काठावरून निघून गेला. परत मारलं. परत गेला.

सरपंचांनी काठी टेकली आणि माळभर नजर फिरवली.

"बाई," ते कळवळून म्हणाले, "आज मेंढा कुठाय?"