माशाचा श्रावण

आईच्या ऑस्कर जातीच्या माशाला पापण्या नव्हत्या, म्हणून गारखेड्याच्या आमच्या घरात दुपारी तो एकटाच जागा दिसायचा. पडदे ओढलेले, टाकीतला हिरवट उजेड भिंतीवर हलतोय, पंपाची बुडबुड चाललेली. अजूनही डुलकी लागली की तो आवाज येतो मला, आणि वाटतं, आई आत्ता गच्चीवरून उतरेल, हात मातीनं भरलेले.

गच्चीवर तिचा गांडुळांचा टब होता. त्यात शेणखत, भाजीची सालं, वर ओलं पोतं. मी त्यात लिंबाची साल टाकली की माझा उद्धार व्हायचा. गांडूळ जे खातं तेच माशाच्या पोटात जातं, म्हणायची. निवडलेली गांडुळं रात्रभर ओल्या फडक्यात ठेवायची, म्हणजे त्यांच्या पोटातली माती निघून जाते. सकाळी धुऊन, बेताचे तुकडे करून द्यायची. हर्सूल तलावातली मासोळी नको, रोग येतात. दुकानातली सोनेरी माशांची पिल्लं नकोत, नुसती चरबी. ज्या घरात कधी अंडं उकडलं नाही, तिथं ही बाई गांडुळं चिरत बसायची! श्रावणी सोमवारी मात्र माशालाही उपास.

आषाढात ती गेली. श्रावण लागताच बाबांनी फर्मान काढलं, महिनाभर या घरात जीव मारायचा नाही, माशासाठीसुद्धा नाही. मी कपाळावर हात मारला. मासा दुकानातल्या खाद्याच्या गोळ्या तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. मग तळाशी जाऊन पडून राहायचा, रंग उतरलेला. बाबांचंही तेच चाललं होतं. भात चिवडायचे, ताट सरकवायचे, आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे. दुपारभर दोघं एकमेकांकडं बघत राहायचे, पाण्यातला कोण आणि बाहेरचा कोण, असं वाटावं इतके गप्प. मला धडकी भरली होती. मासा गेला असता तर बाबाही राहिले नसते.

मग देवगाव रंगारीहून मामा आला, शेतातल्या गांडुळांचा डबा घेऊन. मी विचारलं, कुठल्या शेतातली? कपाशीच्या, म्हणाला, परवाच फवारणी झाली. मी डबा तसाच त्याच्या हातात परत दिला. बिचारा हिरमुसला.

बाबा खुर्चीतून बघत होते. "तिनंही परतच दिला असता," एवढं बोलले आणि जिना चढू लागले. मी मागं गेले. टबाकडं मी महिन्याभरात फिरकलेही नव्हते, मेलं असणार सगळं, असं धरून चालले होते. बाबांनी पोतं उचललं. पोतं ओलं होतं. खाली ताजी दोडक्याची सालं, आणि गांडुळं नुसती वळवळत होती. रोज कुणीतरी पाणी शिंपडत होतं, आणि ते मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रात्रभर फडक्यात ठेवलेलं एक गांडूळ धुतलं. तोंड वाकडं झालं होतं. चिरायचं काही जमलं नाही, अख्खंच पाण्यात धरलं. मासा कितीतरी वेळ हललाच नाही. मग वर आला, सावकाश, झोपेतून उठल्यासारखा, आणि बोटांतून ओढून घेतलं त्यानं.

बाबा ओली बोटं तशीच धरून उभे होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"खाल्लं गं त्यानं," ते म्हणाले. "उपास माझा होता, उगाच त्याच्या गळ्यात घातला." मग धोतराला हात पुसले आणि पाटावर येऊन बसले. "वाढ मला. लई भूक लागली."